‘मी येतो’ म्हणणाऱ्या मुलीला

पत्र

आक्का, नमस्कार.

तुमचं सदर आमच्या घरी आई वाचते. म्हणून लिहायला भीती वाटत होती, तरी लिहितो. मी 27 वर्षांची. वडगावात राहतो. आप्पांचे चार माग होते, आता दोनच चालू आहेत. आई कांड्या भरते. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब बघतो.

मधे दोन वर्षं पुण्यात नोकरीला होतो. तिथं एक मैत्रीण भेटली. नुसती मैत्रीण नाही. मी तशी आहे हे आतून शाळेपासून माहीत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. आप्पांना अटॅक आला म्हणून परत आलो, त्याला दीड वर्ष झालं. ती म्हणते, घरी सांगून टाक, भिऊन किती दिवस राहणार? पण पुण्यात तिच्या ग्रुपमध्ये गेलो की सगळ्या इंग्रजीत बोलायच्या. मी ‘येतो’ म्हटलं की हसायच्या. एकजण म्हणाली, बघा, ही तर बोलण्यातपण मुलगाच आहे. त्या रात्री मला खरंच वाटलं, असेल का तसं? इथं परत आलो तर इथलीपण राहिलो नाही. दरवर्षी शिवजयंतीच्या चित्ररथापुढं लेझीम खेळायचो, यंदा गेलोच नाही.

वैनीनं एकदा माझा मोबाईल बघितला. तिनं आईला नाही, आत्तीला सांगितलं. आत्ती म्हणाली यल्लमाचं काहीतरी राहिलंय, डोंगरावर नेऊन आणूया. नंतर एका डॉक्टरकडं नेलं. मी तशी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, गोळ्या देतो, लग्न करून टाका, सहा महिन्यांत विसरेल. गोळ्यांनी दिवसभर डोकं जड व्हायचं, म्हणून मी बंद केल्या.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरचे पाहुणे बघायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे म्हणे. शहापुरात लग्न होऊन गेलेली लहानपणची एक मैत्रीण आहे, तिच्याजवळ बोलावंसं वाटतं, पण धीर होत नाही. रात्री अडीचला जाग येते, छाती धडधडते. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. मला वेड लागत चाललंय का? तशा माणसांना शेवटी असंच होतं का?

– ना इकडची ना तिकडची, बेळगाव

उत्तर

पोरी,

तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते खालून वर. उत्तरही तसंच देते.

‘सकाळ झालीच नाही तर बरं.’ हे तू जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंयस. सरळ विचारते, राग मानू नकोस. नुसतं वाटतं, की आपलं आपण काही करून घ्यावं असंही मनात येतं? तसं येत असेल तर हे पान इथंच ठेव आणि 14416 वर फोन लाव. ‘टेली मानस’ म्हणतात त्या सेवेला. सरकारी आहे, फुकट आहे, ऑक्टोबर 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे. भाषा निवडता येते, मराठी आहे, कन्नडही आहे. अडीचला जाग येते म्हणालीस ना, अडीचलाही तिथं कुणीतरी बोलायला असतं. घरात बोलणं ऐकू जाईल असं वाटलं तर गच्चीवर जा. अगदीच जिवावर बेतल्यासारखं झालं तर जिल्हा रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रभर उघडा असतो, आणि तिथं जाताना शहापूरच्या मैत्रिणीला उठवलंस तर ती काय चिडायची नाही. असा विचार मनात येणं हे पाप नव्हे. अंगात ताप चढावा तसा तो चढतो आणि उतरतोही. पण तापात माणसानं एकटं झोपू नये, एवढं ऐक.

आता ते डॉक्टर. ज्यांनी ज्यांनी माझं सदर वाचलंय त्यांना माहीत आहे, मी डॉक्टरांबद्दल सहसा वाकडं बोलत नाही. इथं बोलणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं ते 17 मे 1990 ला. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढं घर सोडून आलेल्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. त्यांनी अशा ‘बदलवण्याच्या’ उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, आणि त्याच प्रकरणातून पुढं 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार करणं हा डॉक्टराचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरवला. म्हणजे जे तुला दिलं ते औषध नव्हतंच, आत्तीच्या अंगाऱ्याचीच ती चिठ्ठीवर लिहिलेली आवृत्ती होती. फी मात्र वेगळी घेतली असणार.

पण म्हणून डॉक्टरकडं जायचंच नाही, असं करू नकोस. झोप मोडलीय, छाती धडधडतेय, मन सारखं खाली बसतंय, याला उपचार आहेत आणि ते करून घ्यायला हवेत. तू लेस्बियन आहेस यावर उपचार नाही, आणि नको. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या डॉक्टरांनी त्यांची खिचडी केली. बेळगावात ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिमहान्स. सकाळची बस धरलीस तर संध्याकाळी घरी. जाताना त्या गोळ्यांची रिकामी पट्टी किंवा चिठ्ठी पिशवीत टाक, कारण काय दिलं होतं आणि ते एकदम बंद केल्यानं काही बिघडलं का, हे त्यांना कळायला हवं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न तू विचार: ‘समलिंगी असणं हा तुमच्या मते आजार आहे का?’ उत्तर एका शब्दाचं आहे. समोरचा घसा खाकरून ‘तसं नाही, पण…’ असं सुरू झाला, तर ऊठ आणि दुसऱ्याकडं जा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुला दोन गोष्टी दिल्यात. तुझ्या लैंगिक कलावरून कोणी उपचारात भेदभाव करू शकत नाही, आणि तू सांगितलेलं तुझ्या परवानगीशिवाय आत्तीला कळवू शकत नाही. वैनीला तो कायदा लागू नाही, दुर्दैवानं.

यल्लमाचं म्हणशील तर, आत्तीवर मला राग येत नाही. तिला जी भाषा येते त्या भाषेत ती घाबरलीय. आपल्याकडं काही वेगळं दिसलं की सौंदत्तीचा डोंगर आठवतो. डोक्यावर जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची परडी, आणि हातात चौंडकं घेऊन यल्लमाला वाहिलेला, साडी नेसलेला जोगप्पा दारात आला की आपल्या आया-आत्या सुपातून जोंधळे घालतात, पाया पडतात. त्याच घरात पोरगं जरा बायकी चाललं की त्याच्या पाठीत चिंचेचा फोक बसतो. त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो फिरवले. त्यांच्या घरातून त्या कशा बाहेर पडल्या होत्या ते कोणी फिरवलं नाही. असो. तुझं आणि जोगप्पांचं एक नाही. त्यांना आपण बाई आहोत असं आतून वाटतं. तू बाईच आहेस, आणि तुझा जीव एका बाईवर जडलाय. डोंगरावर जायचं तर आईबरोबर हौसेनं जा, प्रसाद खा, पण बरं व्हायला म्हणून नको.

यावरूनच ‘येतो’कडं येते. कारण तुझ्या पत्रातली ती एक जागा वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. पोरी, तू ‘मी येतो’ म्हणतेस कारण तू वडगावची आहेस. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ म्हणत आल्यात. माझी आई शेवटपर्यंत ‘मी जेवलो’ म्हणायची, आणि पाच लेकरांना जन्म दिला होता तिनं. मी स्वतः घरी तशीच बोलते. इथं ‘येते’ लिहिते ते पोटासाठी. पुण्याच्या त्या मुलीला आपली बोली माहीत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. तुझं पत्र छापताना संपादकांनी तुझी क्रियापदं दुरुस्त करायला घेतली होती, मी त्यांना हात लावू दिला नाही.

पण त्या मुलीच्या हसण्यानं तुझं एक मोठं नुकसान झालं. जिथं तुला पहिल्यांदा मोकळं वाटायला हवं होतं तिथंच तू जीभ आवरायला शिकलीस. ‘आपली माणसं’ म्हणून गेलीस आणि तिथंही पुणं-बेळगाव, इंग्रजी-मराठी, सगळं होतंच. समलिंगी लोकांचे गटही शेवटी माणसांचेच, त्यातही ऐट असते, जात असते, कोण कुठल्या कॉलेजचं हे असतं. एक ग्रुप जमला नाही म्हणजे आपल्याला जागाच नाही असं समजू नकोस. मराठीत बोलता येईल अशी ठिकाणं आहेत. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर मराठीत स्वतःच्या नावानं लिहीत राहिलेला हा माणूस. मुंबईत 1995 मध्ये काही बायकांनी मिळून स्त्री संगम नावाचा गट काढला, पुढं त्याचं नाव लेबिया झालं. तो तुझ्यासारख्या बायकांचाच. सगळ्यांशी सूत जुळेल असं नाही. एकीशी जुळलं तरी खूप.

मला वेड लागतंय का, असं विचारतेस. तुझ्या पत्रात ‘तशी’ हा शब्द तू किती वेळा लिहिलायस ते मोज. मी मोजला. डॉक्टरांसमोर ‘तशी’, माझ्यापुढं ‘तशी’. शेवटी सगळ्या माणसांनाच ‘तशी माणसं’ करून टाकलंस. तुला समलिंगी, लेस्बियन हे शब्द येतात, पुण्यात ऐकलेस. तरी हात तिथं जाऊन थांबतो. गल्लीत यासाठी नाव नाही आणि जे आहे ते शिवी आहे, हे मला कळतं. हा थांबणारा हात दिवसभर काम करत असतो. मोबाईल पालथा ठेवायचा. हसू आलं तर कुणाचा मेसेज म्हणून विचारतील, म्हणून हसायचं नाही. लग्नाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचं. ‘मैत्रीण’ म्हणताना आवाज जरा सपाट करायचा. (मराठीत ‘मैत्रीण’ या शब्दाआड अख्खा संसार लपू शकतो. दोन बायका एका खोलीत राहिल्या तर कोणी भुवई उंचावत नाही, आणि एकीनं दुसरीसाठी रडायला घेतलं तर कोणाला कळतही नाही.) इलान मायर नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं 2003 मध्ये हेच मांडलं. समलिंगी लोकांमध्ये नैराश्य आणि काळजीचे आजार जास्त दिसतात ते त्यांच्या घडणीत खोट असते म्हणून नव्हे. सतत सावध राहणं, आता कोणीतरी झिडकारेल याची वाट बघणं, लपवणं, आणि लोक बोलतात तेच स्वतःबद्दल खरं मानू लागणं, याचा तो ताण आहे. तू दमलीयस. दिवसभर धोटा फेकणाऱ्याचा खांदा दुखतो, तसं हे.

आता मला जे सांगायचंय ते हे. तू सही केलीस ‘ना इकडची ना तिकडची’. बेळगावकरानं अशी सही केली की ती लगेच कळते. 1956 मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आपण हेच ऐकतोय. महाराष्ट्रात गेलं की ‘कर्नाटकातले का?’ आणि इथं बसमध्ये मराठीत तिकीट मागितलं की कंडक्टरची नजर. अल्पसंख्य म्हणून जगायचं कसं हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असं मलाही वाटायचं. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी हीच तुलना मनात घोळवत होते आणि मग लक्षात आलं, ती अर्ध्यात मोडते.

मराठी म्हणून तू कमी संख्येत आहेस, पण तुझ्या घरात नाहीस. आप्पा मराठी, आई मराठी, गल्ली मराठी. कोणी तुझ्या भाषेला नाव ठेवलं तर अंगावर धावून जायला शंभर जण आहेत, पिढ्यांच्या गोष्टी आहेत, 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी आहे. अपमान झाला तर संध्याकाळी कट्ट्यावर तो वाटून घेता येतो, आणि वाटला की निम्मा होतो. समलिंगी माणूस मात्र आपल्याच घरात, आपल्याच ताटावर एकटा अल्पसंख्य असतो. आईबापांकडून त्याला हे मिळालेलं नसतं, म्हणून त्यांच्याकडं त्यावरचा उताराही नसतो. बाहेर चिडवलं तर घरी येऊन सांगायची सोय नाही, कारण घरीच तर लपवायचंय. तुझ्या छातीत धडधडतं ते त्यामुळं. म्हणून तुझ्या आत्ताच्या दुखण्यावर पहिला उपाय ‘जगाला सांगणं’ हा नाही, तर कट्टा शोधणं हा आहे. जिथं दिवसाचा अपमान संध्याकाळी निम्मा होईल. सुरुवातीला एका माणसाचा कट्टा पुरतो.

तो माणूस वैनी नव्हे. तिचं वाईट नसेलही, परक्या घरातून आलेली, आपल्यावर बालंट नको म्हणून आत्तीकडं गेली असेल. पण एकदा फुटलेल्या मडक्यात पुन्हा पाणी कशाला भरायचं? शहापूरची मैत्रीण बरी वाटते. आधी खडा टाकून बघ. समलिंगी संबंधांवरच्या 377 कलमाचा निकाल, टीव्हीवरची एखादी बातमी, काहीही काढ आणि ती काय बोलते ते ऐक. ‘बिचारे’ म्हणाली तरी चालेल, तिथून पुढं सरकता येतं. ‘शी’ म्हणाली तर कुंदा खा, चहा पी आणि घरी ये, काही बिघडलं नाही. आणि ‘मग काय झालं?’ असं म्हणाली, तर त्या दिवशीच सांग, घरी येऊन विचार करत बसू नकोस. सांगताना ‘तशी’ म्हणू नकोस. नाव घे.

कोल्हापूरच्या पाहुण्यांविषयी लिहायच्या आधी मला माझं एक सांगायचंय. हे मी या सदरात आजवर लिहिलेलं नाही.

1998 ची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. माझा एक जुना विद्यार्थी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, तो घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, मला मुली आवडत नाहीत.’ त्याला बोलायला किती दिवस लागले असतील, याचा मी विचारही केला नाही. मी म्हटलं, ‘लग्न झालं की जाईल हे खूळ.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. लग्न केलं त्यानं. पत्रिका द्यायला आला तेव्हा मी पेढा खाल्ला. मग 2009 मध्ये एका दुपारी त्याची बायको माझ्याकडं आली. खानापूरकडची, शिकलेली, देखणी मुलगी. म्हणाली, ‘आक्का, माझ्यात काय कमी आहे ते तुम्ही सांगा.’ नवरा चांगला, कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात देतो. पण इतक्या वर्षांत तिनं किती वेळा केस बदलले, ब्लाऊजच्या बाह्या आखूड केल्या, लांब केल्या, उपास केले, ते ती मला सांगत होती आणि मला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं सांगायचं. ती दोघं अजून एकत्र आहेत. त्यांच्या घरावरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाते.

म्हणून कोल्हापूरच्या त्या ‘चांगल्या’ मुलाचं नाव निघालं तेव्हा मला आधी तो मुलगाच दिसला. त्याचाही संसार पणाला लागलाय, आणि त्याला कोणी विचारलेलं नाही.

नाही म्हण. आणि नाही म्हणताना खोटं कारण देऊ नकोस. मंगळ आहे म्हणालीस तर शांत करून आणतील. नोकरी म्हणालीस तर पाहुणे म्हणतील, आमच्याकडंही फाउंड्र्या आहेत. आप्पांच्या तब्येतीचं म्हणालीस तर तुझं लग्न बघायला ते जगायला हवेत असं उलटं येईल. दरेक खोट्या कारणाला आपल्या समाजात तोड तयार आहे. ज्याला कारणच नाही त्या ‘नाही’ला मात्र तोड सापडत नाही. ‘मला लग्न करायचं नाही. का ते आज सांगत नाही, पण हे खूळ नाही आणि माझं मन बदलणार नाही.’ एवढंच. आणि तेच पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. आईला एकटीला गाठ. आई कांड्या भरत असेल तेव्हा बस तिच्याशेजारी. हात कामात असतात, एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, मागाच्या आवाजात गप्प बसलं तरी चालतं. पाहुण्यांचा दिवस ठरायच्या आत हे कर. पोहे झाल्यावर नाही म्हटलं की त्यात आप्पांची अब्रू येते.

आईला बाकीचं सांगायचं का? तुझी पुण्यातली म्हणते, सांगून टाक. तिचं घर, तिचं शहर, तिचा पगार वेगळा आहे, तुझ्या घरात एक आजारी बाप आणि दोन माग आहेत. सांगणं हे प्रेमाच्या परीक्षेचा पेपर नाही. ती तुला भित्री म्हणत असेल तर तिला हे पान दाखव. पण तिचीही बाजू आहे. दीड वर्ष ती कोणाची तरी ‘मैत्रीण’ म्हणून फोनवर राहतेय. तिला नक्की काय हवंय ते विचार. पुष्कळदा माणसाला घोषणा नको असते, तारीख हवी असते. कधी भेटणार, पुण्यात परत येणार का, आप्पांचं स्थिरस्थावर झाल्यावर काय. ते तू देऊ शकतेस.

घरी सांगशील तेव्हा तयारीनं सांग. तुझं बँक खातं एकटीच्या नावावर हवं, आधार आणि पदवीचे कागद तुझ्या ताब्यात हवेत, आठ-दहा दिवस राहता येईल असं एक ठिकाण ठरलेलं हवं. हिशेब बघणाऱ्या बाईला आणखी सांगायला नको. कोंडून ठेवलं, मारलं, तर 112 आहे, बायकांसाठी 181 आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा लेकीलाही लागू होतो, फक्त सुनेला नाही. असं होईलच असं म्हणत नाही. बहुतेक घरांत आधी रडारड होते, मग अबोला, मग कुणीतरी ताट वाढून ठेवतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं 377 कलम रद्द केलं, आणि 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तुझं प्रेम गुन्हा नाही. तसं बघितलं तर त्या कलमाचा बडगा बायकांवर क्वचितच पडायचा. बायकांना पोलिसांआधी घरानंच कोंडलंय, त्याला कलम लागलं नाही. लग्नाची कायदेशीर मान्यता 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाली नाही, ते संसदेवर सोडलं. पण दोन सज्ञान बायकांनी एकत्र राहायला आडकाठी नाही, केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये घरच्यांनी वेगळ्या केलेल्या दोन मुलींना एकत्र राहू दिलं. आणि तुझ्या कामाची गोष्ट: ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ खात्यानं स्पष्ट केलंय की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं, त्या खात्यावर एकमेकींना नॉमिनी म्हणून नेमता येतं. मंगळसूत्राच्या आधी पासबुक आलंय, चालायचंच.

शेवटचं, लेझमीचं. यंदा गेली नाहीस कारण आपण इथल्या राहिलो नाही असं वाटलं. असं कोण म्हणालं होतं? गल्लीत कोणी म्हटल्याचं पत्रात नाही. तू लोकांच्या आधीच स्वतःचं नाव कापून टाकलंस. पुढच्या वैशाखात, आपल्या इथल्या शिवजयंतीला, जा. रात्रभर चित्ररथ चालतात, पहाटे पाय भरून येतात, हात सुजतात, आणि मग अशी झोप लागते की अडीचला काय, दहालाही जाग येत नाही. त्या ओळीत तुझ्याशेजारी कोण कशी आहे, हे तुला तरी कुठं माहीत आहे?

आईशी बोललीस की कळव, नाही बोलता आलं तरी कळव. सहीत दुसरं काही लिहिलंस तरी चालेल. मी तुला ‘येतो’वरून ओळखेन.

– आक्का